शेंडा डुलू द्या, बुंधा हलू देऊ नका

कर्नाटकी बेंदूर होऊन गेला. मृगात लावलेली आंब्या-काजूची कलमं आता कुठं जीव धरायला लागलीत, आणि नेमका आताच खानापूर, जांबोटी, कणकुंबी पट्ट्यात आषाढाचा पश्चिमेचा वारा दिवसरात्र सुटतो. बेळगाव तालुक्यातल्या उघड्या माळावरही तीच गत.

रानात गेलात की शेंडा बघू नका, खाली बसून बुंधा बघा. झाड हलून हलून बुंध्याभोवती मातीत पोकळी पडते, करंगळी सहज आत जाते. तिथं पाणी साचून साल कुजते. त्याहून वाईट म्हणजे मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यातून बाहेर निघालेली पांढरी कोवळी मुळं रोज तुटत राहतात. पाऊस संपल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात झाड उभ्या उभ्या वाळतं आणि आपण वाळवीच्या नावानं बोटं मोडतो. पोकळी दिसली की माती सारून दाबा. तांबड्या मातीत पायानं हलकं दाबलं तरी चालतं. काळ्या रानात चिखल असताना तुडवू नका, माती विटेसारखी आवळते. भर लावताना कलमाचा सांधा चार बोटं तरी वर उघडा राहू दे.

आधाराची काठी कळकाची किंवा चिव्याची (दोन्ही बांबूच), पश्चिमेच्या अंगाला, बुंध्यापासून वीतभर लांब. म्हणजे गोळा फुटत नाही आणि वाऱ्यानं झाड काठीवर घासत नाही. दीड-दोन फूट जमिनीत जायला हवी. गाडायचं टोक डांबरात बुडवलं तर जास्त टिकतं. अगदी टेकाडावर असाल तर उत्तरेला एक, दक्षिणेला एक अशा दोन काठ्या रोवा.

बांधायचं सांध्याच्या थोडं वर, निम्म्या उंचीच्या खालीच. जुन्या लुगड्याची पट्टी किंवा सुतळी, मराठी चारच्या आकड्यासारखा मधे पीळ देऊन, सैल. वरचं खोड डुलायलाच हवं, डुलण्यानंच ते खाली जाड होतं. शेंड्यापर्यंत करकचून बांधलेलं झाड काठी काढली की लवतं.

नायलॉन दोरी मात्र नकोच. घरात शिल्लक होती म्हणून मी एका वर्षी तिनंच हापूसची कलमं बांधली, सोडायची राहिली. पुढच्या वळवात दोन झाडं मोडली, दोन्ही दोरीपाशीच. साल तिच्यावर चढली होती. सांध्यावर गुंडाळलेली प्लॅस्टिक पट्टीही अशीच रुतते. कलम नीट जुळलं असेल तर ब्लेडनं उभी कापून काढा.

पश्चिमेच्या बांधावर शेवरी, गिरिपुष्प किंवा सुरू लावून टाका. अशा ओळीचा आडोसा तिच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत मिळतो. ओळ थोडी विरळच बरी. भिंतीसारखा गच्च आडोसा केला तर वारा वरून उडी मारून आत भोवरा धरतो.

काठी हा पावसाळा आणि पुढचा वळीव जाईपर्यंत राहू द्या. वळवाचा वारा कुठल्या अंगानं येईल सांगता येत नाही. मग गाठ सोडून खोड हातात धरून हलवा. बुंध्याची माती हलली नाही तर काठी उपसा.