ट्यूबलाईटचं मॉडेल जुळत नाही? या चुका टाळा

ट्यूबलाईटमधल्या प्लाझ्माचं (आयन आणि सुटे इलेक्ट्रॉन असलेल्या वायूचं) गणिती मॉडेल लिहिणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते: "गणित बरोबर आहे, पण व्होल्टेज भलतंच जास्त येतंय." गणित बहुतेकदा खरंच बरोबर असतं. घोळ असतो तो पाऱ्याचा प्रत्येक अणू तळपातळीवरूनच (सगळ्यात कमी ऊर्जेच्या अवस्थेतूनच) आयन होतो, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावतो, असं धरण्यात.

पाऱ्याच्या अणूतून इलेक्ट्रॉन काढायला १०.४४ इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूंच्या ऊर्जेचं एकक) लागतात. नळीतल्या इलेक्ट्रॉनांचं तापमान (तेही इथे याच एककात मोजतात) मात्र जेमतेम १ इलेक्ट्रॉनव्होल्ट. (वायू स्वतः कोमटच असतो, ही दोन तापमानं एक समजणं ही वेगळीच चूक.) एका उडीत एवढं अंतर गाठणारे इलेक्ट्रॉन विरळाच. पण वाटेत ४.६७, ४.८९ आणि ५.४६ वर तीन पायऱ्या, म्हणजे अणूच्या उत्तेजित (जास्त ऊर्जेच्या) पातळ्या आहेत. मधल्या पायरीवरच्या अणूला आणखी ५.५५ पुरतात. नुसता बोल्ट्झमन घटक (तेवढी ऊर्जा असलेले इलेक्ट्रॉन किती विरळ, हे सांगणारा) पाहिला तरी फरक सुमारे १३० पटींचा. म्हणून असे अणू मोजके असले तरी त्यांना वगळून चालत नाही.

तपासायचं कसं? मॉडेलमध्ये करंट वाढवा आणि विद्युतक्षेत्र बघा. खऱ्या नळीत करंट वाढला की व्होल्टेज उतरतं, म्हणूनच तर करंट आवरणारा चोक लावावा लागतो! करंटबरोबर उत्तेजित अणू वाढतात आणि आयनीभवन स्वस्त होत जातं. तुमचा आलेख सपाट आला, तर पायऱ्या राहिल्यात.

पायऱ्या घातल्या तरी गडबड होते ती आयुर्मानात, म्हणजे अणू त्या पायरीवर किती वेळ टिकतो त्यात. ४.८९ च्या पातळीचं नैसर्गिक आयुर्मान सुमारे १२० नॅनोसेकंद. ते तसंच घातलं तर उत्तेजित अणू फार कमी दिसतात. प्रत्यक्षात २५३.७ नॅनोमीटरचा फोटॉन शेजारचा पाऱ्याचा अणू गिळतो, मग पुन्हा सोडतो. असं करत तो भिंतीपर्यंत पोचतो. परिणामी आयुर्मान कित्येक पटींनी वाढतं. अतिनील प्रकाशाचं उत्पादनही त्यावरच ठरतं, त्यामुळे इथे आळस करू नका.

उलट टोकाची चूक म्हणजे सगळं श्रेय पेनिंग आयनीभवनाला (एका उत्तेजित अणूने धडकून दुसऱ्याला आयन करण्याला) देणं. नळीतला ११.५५ इलेक्ट्रॉनव्होल्टचा मेटास्टेबल (बराच वेळ उत्तेजित राहणारा) आर्गॉन पाऱ्याला सहज आयन करतो, हे खरं. नळी पेटताना ते मोलाचं असतं. पण एकदा नळी स्थिरावली की १ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या इलेक्ट्रॉनांना एवढे आर्गॉन अणू उचलणं परवडत नाही.

आणि इलेक्ट्रॉन उत्तेजित अणूला धडकून उलट ऊर्जा घेऊन जातो, तीही प्रक्रिया घाला. पायरी चढायचा दर ठेवला आणि उतरायचा विसरला, तर व्होल्टेज आता भलतंच कमी येईल.