गोव्यातल्या बागा बघायला निघण्याआधी

गाडीची चावी हातात घेण्याआधी एक गोष्ट कागदावर लिहून काढा: कसली बाग बघायची आहे? गोव्यात बाग म्हटली की तीन वेगळ्या जाती समोर येतात. पणजी-मडगावसारख्या शहरांतली पोर्तुगीज काळातली बाग, धरणाच्या पायथ्याशी किंवा अभयारण्यात सरकारने फुलवलेली बाग, आणि अंत्रुजातलं, म्हणजे फोंड्याकडचं, कुळागर: डोंगराच्या पायथ्याची पोफळी (सुपारी) आणि मसाल्यांची बाग. तिन्हींची वेळ वेगळी, महिना वेगळा, पायातली चप्पलसुद्धा वेगळी. एका दिवसात तिन्ही उरकायला निघालेली माणसं भर दुपारी फोंड्याच्या रस्त्यावर घाम पुसत उभी दिसतात. सकाळी एक कुळागर आणि संध्याकाळी एक शहरातली बाग, एवढाच एका दिवसाचा हिशेब ठेवा.

महिना ठरवताना आधी काय बघायचं ते ठरवा, सुट्टीचं नंतर बघू. मिरीचे घोस लाल होऊ लागलेले बघायचे तर डिसेंबर ते फेब्रुवारी. काजूची बोंडं फेब्रुवारीपासून मे पर्यंत. भिरंडं, म्हणजे घाटावरच्या मंडळींचं कोकम, एप्रिल-मे मध्ये पिकतात. जायफळ मात्र मुख्यतः पावसात फुटतं, आणि फुटलेल्या फळातली लालभडक जायपत्री झाडावरच बघायची असेल तर भिजायची तयारी हवी. गुलमोहर मे महिन्यात. साळावली धरणाच्या गोल सांडव्यावरून पाणी पडताना बघायचं तर साधारण जुलैत धरण भरल्यावर जायचं, त्याआधी नुसता कोरडा काँक्रीटचा तोंडवळा दिसतो.

मग तारखा तपासा. 24 नोव्हेंबरपासून जुन्या गोव्यात नोव्हेना (नऊ दिवसांच्या प्रार्थना) सुरू होतात आणि 3 डिसेंबरला सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, म्हणजे चर्चचा सण, त्या दिवसांत तिथली हिरवळ बघायला जाणं म्हणजे पार्किंग शोधायला जाणं. 8 डिसेंबरला पणजीच्या चर्चचं फेस्त, फेरी, म्हणजे जत्रेचा बाजार, थेट चर्चसमोरच्या बागेला लागूनच भरते. कार्निव्हलच्या दिवसांत तर पालिकेच्या बागेतच मंच आणि खाण्याचे स्टॉल लागतात. खाजां (जत्रेतली मिठाई), चणे, गाणी यासाठी जायचं तर याच तारखा सोन्याच्या, झाडांसाठी नव्हे. नोव्हेंबरच्या शेवटी इफ्फी (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) असते तेव्हा पणजीतल्या कांपालच्या बागेचंही तेच. वारही बघा: बोंडला अभयारण्य गुरुवारी बंद असतं, आणि जुन्या गोव्यातलं पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय शुक्रवारी. या दोन वारांनी जितक्या सहली वाया घालवल्या तितक्या पावसानेही घालवल्या नसतील.

पिशवीत माणशी दीड लिटर पाणी घाला. उन्हाळ्यात दोन. छत्री शहरात चालते, कुळागरात नाही. पोफळीच्या दोन रांगांमध्ये उघडलेली छत्री मिरीच्या वेलात अडकते आणि वेल तुटला की मालकाचं तोंड बघवत नाही, म्हणून पावसाळ्यात रेनकोट घ्या. पायात मागून पट्टा असलेली, तळाला खाचा असलेली सँडल किंवा बूट हवेत. चिऱ्यांच्या पायऱ्यांवर आणि पाटाच्या काठावर जून ते ऑक्टोबर शेवाळ धरलेलं असतं, त्यावर गुळगुळीत तळव्याची रबरी चप्पल पहिल्याच वळणाला दगा देते. डास पळवणारं मलम, अंगभर सुती कपडे, खांदे झाकेल असा एक पंचा किंवा ओढणी (जुन्या गोव्यातल्या बासिलिका चर्चमध्ये आणि देवळांत लागतेच), दहा-वीस-पन्नासच्या नोटा, आणि नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवलेला. केरी, सावई या बाजूच्या दऱ्यांत नेटवर्क येतं-जातं. लहान भिंग असलं तर जरूर घ्या, वेलदोड्याचं फूल नुसत्या डोळ्यांनी बघून त्यातली लाल-जांभळी रेघ हाती लागत नाही.

आता कुळागर. गोव्यातली खरी ऐतिहासिक बाग हीच, असं आमचं ठाम मत आहे. शहरातली कारंजी नंतर. फोंडा तालुक्यात प्रियोळ, केरी, सावईवेरें, कुर्टी या भागांत पर्यटकांसाठी उघडलेली कुळागरं आहेत. आदल्या दिवशी फोन करून तीन गोष्टी विचारा: फेरफटका किती वेळाचा, जेवण त्यातच धरलंय का, आणि मराठीत किंवा कोंकणीत सांगणारं कोणी भेटेल का. तिसरी गोष्ट विचारली नाही तर इंग्रजी-हिंदीतली पाठ केलेली टेप ऐकावी लागते. मराठीत सुरुवात झाली की तोच माणूस भिरंडाचं आगळ (रस) कसं काढतात इथपर्यंत पोहोचतो. साडेनऊच्या आत पोहोचा. अकरानंतर बसगाड्या लागतात, आणि तीसजणांच्या घोळक्यात मागे राहिलेल्याला वाटाड्याचा आवाज नाही, फक्त टोपी दिसते.

आत शिरल्यावर झाडाकडे नव्हे, पाण्याकडे आधी बघा. कुळागर डोंगराच्या पायथ्याला बसवतात ते तिथल्या बारमाही झऱ्यासाठी. झऱ्याचं पाणी पाटाने एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर उतरतं, पंप नसताना ही सगळी बाग याच उतारावर जगली. मग थर मोजा. सगळ्यात वर माड आणि पोफळी, मधल्या थरात जायफळ, भिरंड, फणस, खाली केळी, वेलदोडे, अननस, हळद, आणि पोफळीच्या अंगाला बिलगलेली मिरी. पोफळी साधारण 2.7 मीटरवर लावतात, म्हणजे आपल्या हिशेबात नऊ फूट. त्याहून दाट लावल्या तर खाली ऊन पोहोचत नाही, विरळ लावल्या तर खोडं भाजतात. वेलदोडा वर शोधू नका. त्याची फुलं-फळं झाडाच्या बुडाशी, जमिनीलगत येतात, आणि निम्मे पाहुणे पानांकडे बघत त्यांच्यावरच पाय ठेवून जातात. जायफळात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. फळ न धरणारं झाड दिसलं तर ते आजारी असेलच असं नाही. व्हॅनिलाचं फूल एकच सकाळ उघडतं आणि इथे ते काडीने हाताने फळवावं लागतं, कारण त्याच्या मूळ मुलखातल्या मधमाश्या इथे नाहीत.

पावसाळ्यात पोफळीच्या घोसांवर आणि खालच्या पानांवर निळसर पांढरे डाग दिसतील. तो रोग नव्हे, रोगावरचं औषध: सुपारी कुजवणाऱ्या कोळेरोगासाठी मारलेलं बोर्डो मिश्रण, एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना शंभर लिटर पाण्यात. हात लागला तर धुतल्याशिवाय काही खाऊ नका. खाली पडलेली ओली काजू बी उचलून दाताने फोडायचा मोह मुलांना होतो. तिच्या सालीतल्या तेलाने ओठांवर फोड येतात, म्हणून निघण्याआधीच त्यांना सांगून ठेवा. माडाखाली आणि वाळलेली झावळ लोंबणाऱ्या पोफळीखाली उभं राहून फोटो नको, झावळीचं बूड चांगलंच जड असतं. काही ठिकाणी जेवणाआधी पाठीवर गार पाण्याची ओंजळ ओततात. कॅमेरा गळ्यात असेल तर आधीच काढून ठेवा, ते विचारून ओतत नाहीत.

परतीच्या वाटेवर अर्धा तास असेल तर फोंड्याजवळची 1560 सालची साफा मशीद गाठा. बाग म्हणून आता तिथे फारसं नाही, पण चिऱ्यांनी बांधलेलं तळं आणि त्याच्या भिंतीतल्या कमानींचे कोनाडे बघितले की आदिलशाही बागेला पाण्याचं केवढं अप्रूप होतं ते कळतं. पायऱ्यांवर जपून.

संध्याकाळ पणजीला. साडेचार-पाचला चर्चसमोरच्या पालिकेच्या बागेत शिरा. तिचं नाव गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यावरून. 1534 मध्ये तो गोव्यात आला आणि इथल्या औषधी झाडांवर, मसाल्यांवर आणि फळांवर संवादाच्या रूपात लिहिलेला त्याचा ग्रंथ 1563 साली गोव्यातच छापला गेला. सकाळी कुळागरात बघितलेली मिरी आणि वेलदोडा त्या ग्रंथातही आहेत, म्हणून क्रम असाच ठेवा, उलटा नको. मेल्यानंतर इन्क्विझिशनने 1580 मध्ये त्याची हाडं उकरून जाळली, आणि आज बाग त्याच्याच नावाची. मधल्या खांबावर पूर्वी वास्को द गामाचा अर्धपुतळा होता, आता अशोकाचे सिंह आहेत. बागेजवळ गाडी रस्त्यावर लावायच्या भानगडीत पडू नका, गाडी लांब लावून चालत या किंवा बसस्टँडवरून पायलट (मोटरसायकल टॅक्सी) करा, पुढे आझाद मैदान चालत काही मिनिटांवर. अंधार पडायच्या आत कांपालला पोहोचलात तर मांडवीचा वारा मिळतो. तिथल्या बागेला नाव फ्रान्सिस्को लुईस गोमिश यांचं, नावेलीत 1829 ला जन्मलेले आणि पोर्तुगालच्या संसदेत गोव्याच्या बाजूने बोललेले.

साळावलीची बाग म्हैसूरच्या वृंदावनाच्या धर्तीवर केलेली आहे, तिच्यासाठी वेगळा दिवस हवा आणि स्वतःची गाडी. सांगेपर्यंत बस मिळेल, पुढचं आणि परतीचं कठीण. त्याच वाटेवर धरणात गेलेल्या कुर्डी गावाचं जुनं महादेवाचं देऊळ पाण्याखाली जाण्याआधी दगड-दगड सोडवून दुसरीकडे उभारलेलं आहे, ते चुकवू नका. मे महिन्यात गेलात आणि पाणी पुरेसं ओसरलं असेल तर बुडालेल्या कुर्डीचे चौथरे उघडे पडतात. तिथे सावली नाही, टोपी घ्या. बोंडल्याला गुलाबांची बाग आणि वनस्पती उद्यान आहे, पण जेवण सोबत न्या. जवळच्या सत्तरी तालुक्यात माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत आणि तो गोचिडांमुळे होतो, तेव्हा जानेवारी ते मे मध्ये पाचोळ्यात बसू नका, पँट मोज्यात खोवा आणि घरी येताच आंघोळ करून कपडे गरम पाण्यात टाका.

जुन्या गोव्याची हिरवळ सकाळी लवकरच बघायची, नऊच्या आत. पुरातत्त्व खात्याच्या जागेत ट्रायपॉड परवानगीशिवाय चालत नाही, तो घरीच ठेवा. ड्रोन तर नकोच.