माइकसमोर बसण्याआधी: आरजे आणि म्युझिक मॅनेजर होऊ पाहणाऱ्यांसाठी तयारीची यादी

आधी एक घोळ मिटवू. रेडिओवरच्या म्युझिक डायरेक्टरचा पेटी पुढ्यात घेऊन चाली लावण्याशी काही संबंध नाही. कोणतं गाणं कधी, किती वेळा आणि कशाच्या मागून वाजणार हे ठरवतो तो. आपल्याकडच्या खासगी एफएमवर त्याला बहुधा म्युझिक मॅनेजर म्हणतात. मी हे काम घेतलं तेव्हा मावशीनं गावभर सांगितलं होतं की पोरगा आता सिनेमाला संगीत देतो. लहान शहरातल्या स्टेशनवर बोलणं आणि गाणी लावणं ही दोन्ही कामं पुष्कळदा एकाच माणसाच्या गळ्यात पडतात, म्हणून तयारीही दोन्हींची एकदमच करा.

पहिली खरेदी माइकची करू नका. दोनशे पानी वही आणा. रोज पाच गाणी ऐका आणि प्रत्येकाची नोंद करा: गायक, गीतकार, संगीतकार, साल, लय संथ की चढी, शब्द सुरू होईपर्यंत किती सेकंद वाजतं, आणि शेवटी विरत जातं की पटकन तुटतं. शेवटच्या दोन रकान्यांचं महत्त्व बाहेरच्याला कळत नाही. सुरुवातीचं वादन चौदा सेकंदांचं असेल तर तुमचं बोलणं तेराव्या सेकंदाला संपलं पाहिजे; गायकाच्या तोंडावर बोलणारा निवेदक ऐकणाऱ्याला माशीसारखा वाटतो. माझे दहा सेकंदांत वीस शब्द बसतात. तुमचे किती बसतात ते घड्याळ लावून मोजून ठेवा. जुनी गाणी तीन-सव्वातीन मिनिटांचीच का, तर ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला तेवढंच मावायचं. असल्या गोष्टीही वहीच्या समासात लिहा, निवेदनात कामी येतात.

वहीतली नावं मिरवण्यापुरती नाहीत. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनं ३१-डी कलम आलं. त्याखाली गाणी वाजवणाऱ्या केंद्रानं रचनाकारांची आणि मुख्य कलाकारांची नावं सांगावीत असं त्यात लिहिलंय. किती जण सांगतात ते रेडिओ लावून तुम्हीच ऐका. तुम्ही मात्र गीतकाराचं नाव सोडू नका. सगळ्यात आधी त्याचाच बळी जातो.

आता जीभ. आपल्या च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि लिपी ते दाखवत नाही. ‘जग’ म्हणजे दुनिया वेगळा आणि ‘सुखानं जग’ मधला वेगळा. न-ण, ल-ळ, श-ष यांची रोज दहा मिनिटं घासाघीस करा, वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्यानं वाचून. गावाकडची बोली मात्र पुसून टाकू नका. वऱ्हाडी किंवा मालवणी हेल माइकवर गोड लागतो. गाळायचा आहे तो अस्पष्टपणा. आणि दुसऱ्या कुणाचा आवाज काढू नका. अमीन सायानींची नक्कल करणारे शेकडो झाले, त्यातल्या कुणाचं नाव आठवतंय का?

डेमोसाठी स्टुडिओ भाड्यानं घेण्याची गरज नाही. कपड्यांच्या कपाटात तोंड घालून, पाठीवर गोधडी घेऊन फोनवर रेकॉर्ड केलेलं चालतं, घुमत नाही. दोन-तीन मिनिटं पुरे. गाणी कापून नुसते तुमचे तुकडे जोडा आणि सगळ्यात चांगला तुकडा पहिला ठेवा, कारण ऐकणारा वीस सेकंदांत मत बनवतो. मीही तेच करतो.

दारं कुठली ठोठवायची? आकाशवाणी नैमित्तिक निवेदकांसाठी केंद्रानुसार जाहिराती काढते. सांगली, जळगाव, रत्नागिरी अशा आपल्या जवळच्या केंद्रावर लक्ष ठेवा. लेखी परीक्षा, मग आवाजाची चाचणी, मग ‘वाणी’ प्रशिक्षण. निवड झाली तरी महिन्याला सहाएक ड्युट्या मिळतात, त्यामुळे हातातली नोकरी सोडू नका. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही, तेव्हा वृत्तनिवेदनाची हौस असेल तर तिकडे जाऊ नका. माझं मत विचाराल तर सुरुवात सामुदायिक रेडिओवर करा. पुणे विद्यापीठाची विद्यावाणी आहे, म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी आहे. अशा ठिकाणी निवेदन, संपादन, मुलाखत, केबल गुंडाळणं, सगळं एकाच आठवड्यात हातून होतं.

संगीताच्या बाजूची तयारी बरीचशी हिशोबाची आहे. एका तासातून बारा मिनिटं जाहिराती आणि पाच मिनिटं बोलणं वजा करा. साडेचार मिनिटांच्या गाण्यानं भागा. नऊ-दहा गाणी उरतात. त्यात नवी किती, सवयीची किती, जुनी किती, हे तासाचं घड्याळ कागदावर काढा. मग एक गंमत करून बघा. सगळ्यात गाजणाऱ्या गाण्यांच्या गटात सहा गाणी ठेवली आणि दर तासाला त्यातलं एक पाळीनं लावलं, तर चोवीसला सहानं बरोबर भाग जातो आणि तेच गाणं रोज सकाळी आठलाच येऊन बसतं. कामावर निघालेल्या माणसाला वाटतं, यांच्याकडे एकच गाणं आहे. गटात सात ठेवा, वेळा आपोआप सरकतात. सिलेक्टरसारखं सॉफ्टवेअर याद्या बनवून देतं, एकाच गायकाची दोन गाणी लागोपाठ येऊ देत नाही. पण अभंगानंतर लगेच लावणी नको, हे त्याला तुम्ही सांगितल्याशिवाय कळत नाही.

सणांचं कॅलेंडर भिंतीवर लावा: आषाढी, पोळा, गणपती. आणि एक फोल्डर असा ठेवा जो कधी उघडावा लागू नये असं वाटतं. ६ फेब्रुवारी २०२२, रविवार. लतादीदी गेल्याची बातमी आली तेव्हा माझी आदल्या दिवशी रेकॉर्ड केलेली खिदळणारी लिंक, म्हणजे दोन गाण्यांमधलं बोलणं, रांगेत लागलेली होती. ती वाजली. सतरा सेकंदच, पण त्यानंतर आलेले फोन अजून कानात आहेत. तेव्हापासून शांत गाण्यांची तीन तासांची यादी, स्टेशनचं नाव सांगणारी साधी, बिनसंगीताची ओळखपट्टी आणि चटपटीत जिंगल्स एका फटक्यात बंद करायची पद्धत आधीच ठरवून ठेवतो.

पैशाचं थोडक्यात: सुरुवातीची दोन-तीन वर्षं जाहिरातींना आवाज आणि लग्न-समारंभांचं सूत्रसंचालन यांवर निघतात. करारावर सही करण्याआधी बाहेरची कामं करायला मुभा आहे का, ते वाचा. पहाटेची पाळी मिळाली तर रात्री दहाला झोपावं लागतं. मित्रांना आताच सांगून ठेवा.

चाचणीच्या दिवशी पिशवीत वही, पेन्सिल आणि साध्या पाण्याची बाटली असू द्या, थंडगार पाणी नको. मजकूर कागदाच्या एकाच बाजूला मोठ्या अक्षरात, पिना न मारता, म्हणजे पान उलटताना खडखड होत नाही. कडक इस्त्रीचा कुर्ता, बांगड्या, घुंगराची किल्ली घरी ठेवा. माइकला ते सगळं ऐकू येतं. आणि निघण्याआधी पोहे खाऊन घ्या, रिकाम्या पोटाची गुरगुरही त्याला ऐकू येते.