नव्या नगरसेवका, आधी मागणी रजिस्टर माग

बावीस वर्षं मराठवाड्यातल्या एका नगरपालिकेत वसुली लिपिक होतो, म्हणून सांगतो: अर्थसंकल्पाच्या मोठ्या आकड्यानं हुरळू नकोस. मालमत्ता कराचं मागणी रजिस्टर, म्हणजे कोणत्या घराकडून किती कर येणं आहे त्याची वही, माग. चालू मागणी (यंदाचा कर), थकबाकी, प्रत्यक्ष वसुली वेगवेगळी वाच. मग प्रभागातली एकच गल्ली घे, वीजमीटर मोज, नोंदींशी ताडून बघ. आमच्याकडे तीन मजली घर कागदावर पत्र्याचंच राहिलं होतं. फेरआकारणी, म्हणजे कर नव्यानं ठरवणं, तिथूनच सुरू कर. थकलेल्या करावर शास्ती, म्हणजे दंड, महिन्याला २ टक्के चढते, गरीब त्यातच बुडतो. बिलं वेळेत घरपोच दे, सोयाबीनचे पैसे हातात आले की वसुलीला जा. पाणीपट्टीचा हिशेब स्वतंत्र ठेव. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, विसरू नकोस. पंपांचं वीजबिल, गळती, नळजोडण्या एकाच पानावर मांड आणि ते पान प्रभागात लाव.