बसची पाटी वाचता आली आणि बेळगाव आपलं वाटलं

चंदगडहून उद्यमबागेतल्या मशीन शॉपमध्ये नोकरीला आले, टिळकवाडीत खोली घेतली. दुकानात, मेसमध्ये मराठी चालायचं; अडायचं ते कन्नड पाट्या वाचताना. पहिल्याच आठवड्यात चुकून अनगोळच्या बसमध्ये बसले. कामावर अर्धा तास उशीर, आणि संध्याकाळी खोलीत एकटीच रडले.

मेसच्या काकू म्हणाल्या, "पोरी, अक्षरं शीक की, भाषा मागनं येतीय."

काकूंचं खरं होतं. कन्नड वर्णमाला आपल्यासारखीच क ख ग घ या क्रमाने जाते. नवीन काय, तर 'ए' आणि 'ओ' यांचे ऱ्हस्व-दीर्घ वेगळे आणि अक्षरांची वळणं गोल. रोज पाच अक्षरं वहीत लिहायची, दुसऱ्या दिवशी थांब्यावर बसच्या पाट्यांवर शोधायची. खडेबाजारातल्या दुकानांच्या पाट्यांनी तर फार मदत केली, कारण खाली इंग्रजी असतंच, लगेच ताडून बघता येतं. महिन्याभरात पाटी वाचून बस पकडायला लागले.

बोलणं अजून मोडकंतोडकंच. पण शेजारच्या आज्जींना "ऊट आय्ता?" विचारलं, म्हणजे जेवलात का, तर त्यांनी हात धरून आत नेलं. आता रविवारचं जेवण त्यांच्याकडेच असतं.