जादू, गुपित आणि प्रेम: फँटसी कादंबरी वाचायची कशी

फँटसी कादंबरी अर्ध्यावर सुटते ती बहुतेक वेळा जादूमुळे नाही, नावांमुळे. पहिल्या साठ पानांत पंधरा माणसं, तीन राज्यं, दोन घराणी, एक तलवार आणि तिचीही दोन नावं. आठ दिवसांनी पुस्तक पुन्हा हातात घेतलं की कोण कोणाचं ते आठवत नाही, मग 'हे आपल्याला झेपत नाही' म्हणून ते कपाटात जातं. झेपतं सगळ्यांना, वाचायची रीत तेवढी वेगळी आहे. सामाजिक कादंबरीत जग कसं चालतं हे आपल्याला आधीच माहीत असतं. इथे ते लेखक सांगतो, तेही सलग नाही, तुकड्यातुकड्याने. ते तुकडे गोळा करत जाणं हे वाचकाचं काम, आणि निम्मी मजा त्यातच आहे.

पहिली बैठक मोठी हवी

जाड पुस्तक असेल तर पहिली साठेक पानं एका बैठकीत संपवा. तासाला तीस पानं धरली तर दोन तास लागतात, म्हणजे रविवारची दुपार. सांगली-मिरज बसमध्ये पाच-पाच पानं वाचून सुरुवात करू नका. गोष्टीतलं जग डोळ्यांपुढे उभं राहीपर्यंत मिरज आलेली असते. एकदा ते उभं राहिलं की मग बसमध्ये वाचा, बँकेच्या रांगेत वाचा, कुठेही चालतं. चारशे पानांच्या पुस्तकात उरलेली ३४० पानं रोज २५ प्रमाणे दोन आठवड्यांत होतात. त्याहून रेंगाळलात तर नावं निसटायला लागतात.

सुरुवातीला 'वीस वर्षांपूर्वी' छापाचं छोटं प्रकरण असलं तर ते गाळू नका. तिथली माणसं पुढे दोनशे पानं दिसत नाहीत, म्हणून ते फालतू वाटतं. पण कोणाचं मूल कोणाच्या ओटीत गेलं, शाप कोणी दिला, हे बहुधा तिथेच सांगून टाकलेलं असतं. नकाशा असेल तर एक नजर टाका, पाठ करू नका. मागे पात्रांची यादी दिली असेल तर मात्र जपून. 'अमुक, तमुकचा मुलगा' असं त्या यादीत वाचलंत आणि तेच कादंबरीचं गुपित निघालं, तर पुढची तीनशे पानं फुकट. शब्द अडला तर शब्दार्थाचं पान उघडा, माणूस अडला तर आपली वही.

अनुवादित कादंबरीत प्रत्येक नाव एकदा मोठ्याने म्हणा. उच्चार चुकीचा असला तरी चालेल, शेवटपर्यंत एकच ठेवा. नुसतं डोळ्यांनी 'तो क वाला' असं ओळखत गेलात, तर दुसरा क वाला आला की घोटाळा झालाच.

वही

शंभर पानी साधी वही पुरते. समोरासमोरची दोन पानं घ्या. डावीकडे माणसं: नाव, टोपणनाव, कोणाचा कोण, पहिल्यांदा कुठल्या पानावर आला. उजवीकडे शक्ती, आणि प्रत्येक शक्तीखाली तीनच गोष्टी: ती येते कुठून, तिने काय होत नाही, आणि वापरणाऱ्याला काय मोजावं लागतं. यातली तिसरी ओळ सगळ्यांत महत्त्वाची. किंमत नसलेली जादू चार पानं चमकते, पाचव्या पानावर कंटाळा आणते, कारण नायकाचं काही बिघडूच शकत नाही हे आपल्याला कळून चुकलेलं असतं.

वहीच्या शेवटच्या पानावर तिसरी यादी करा: कोणाला काय माहीत आहे. ही यादी फारसं कोणी करत नाही, आणि प्रेमाचे प्रसंग फिके वाटतात ते त्यामुळेच.

हे प्रत्यक्ष कसं चालतं ते बघायला एक गोष्ट रचून घेऊ. हरिपूर, कृष्णा-वारणेचा संगम, हळद साठवायची जमिनीतली पेवं. कुमुद नावाची मुलगी. तिचा ओल्या हळदीचा हात ज्याला लागेल, त्याने शेवटचं बोललेलं खोटं तिला ऐकू येतं. दर वेळी तिची स्वतःची एक आठवण पुसली जाते, कोणती जाणार ते तिच्या हातात नाही. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत काम करणारा मल्हार. त्याच्या आजोबांनी एका बंद पेवात ताम्रपट पुरून ठेवलाय.

आता शेवटचं पान भरा. कुमुदच्या आजीला सगळं माहीत आहे. मल्हारला ताम्रपट माहीत आहे, हळदीचं माहीत नाही. कुमुदला हळदीचं माहीत आहे, ताम्रपटाचं नाही. एवढ्या तीन ओळी लिहिल्या की दोघं घाटावर नुसती शेंगा खात बसली तरी प्रसंगाला ताण येतो. तो सहज म्हणतो, 'ते पेव कित्येक वर्षं कोणी उघडलं नाही.' ती दिवसभर हळद भरून आलीय आणि हात पदरात गुंडाळून बसलीय. तिला थंडी वाजते असं त्याला वाटतं. यादी नसेल तर हे पान तुम्ही भर्रकन उलटून पुढे जाल.

आणखी एक. मल्हारचं लग्न कुमुदशी ठरलं की हळद लागणारच. हे लेखकाने सांगायच्या आधी वाचकाला सुचायला हवं. आपल्याकडे नवरदेवाची उष्टी हळद नवरीला लावतात. मग प्रश्न असा, की तिने हाताने शिवणं गरजेचं आहे, की त्याच्या अंगाची हळद तिला लागली तरी पुरे? आजीने हळदीचा नियम सांगितला ते चाळिसावं पान वहीत नोंदवलंय असं समजा. मागे जा, तिचं वाक्य शब्दशः वाचा. 'हात लागला की' असं असेल तर एक शेवट होतो, 'हळद लागली की' असं असेल तर दुसरा.

ही सवय आपल्याला परकी नाही. हिरण्यकशिपूला मिळालेला वर आठवा: दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही. ऐकणारा तेव्हाच फट शोधायला लागतो, आणि नृसिंह संध्याकाळी उंबरठ्यावर येतो. शाप दिला की उःशाप येतो, तो कसा फिटणार ते ऐकूनच आपण पुढची गोष्ट ऐकतो. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने लिहिलेल्या कथासरित्सागराची सुरुवातच अशी आहे. शंकराने पार्वतीला एकांतात सांगितलेली गोष्ट पुष्पदंत नावाचा गण चोरून ऐकतो आणि घरी बायकोला सांगतो. पार्वतीचा शाप होतो, त्याची रदबदली करणाऱ्या माल्यवान या दुसऱ्या गणालाही होतो, आणि सुटका होणार ती तीच गोष्ट पुढे सांगितली तर. गुप्त शक्ती, फुटलेलं गुपित, नवरा-बायकोचं गूज, सगळं पहिल्या तरंगात, म्हणजे पहिल्याच प्रकरणात. नवी जाडजूड मालिका हातात घेण्याआधी यातल्या पाच-सात गोष्टी वाचून घ्या. गोष्टीत गोष्ट, तिच्यात आणखी गोष्ट, याची सवय होते.

गुपित उघडलं, आता तपासा

रहस्य फुटलं की लगेच पुढे पळू नका. दहा मिनिटं काढून मागे निदान दोन खुणा सापडतात का बघा. हरिपूरच्या गोष्टीत असं समजा, की खलनायक शेवटी पेवात उतरतो आणि तिथेच कोसळतो. हा योगायोग आहे का? पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नाही. बंद पेवात श्वास घेण्याजोगी हवा नसते, म्हणून तोंड काही तास उघडं ठेवतात आणि कंदील सोडून तो विझत नाही ना ते बघतात. आजीने तिसाव्या पानावर नातीला हे सांगितलं असेल, आणि मध्ये कुठेतरी कंदील विझताना दिसला असेल, तर लेखकाने व्यवहार चोख केला. हे सगळं ३१०व्या पानावर पहिल्यांदाच कळत असेल तर त्याने हात मारला.

नव्या शक्तीलाही हीच कसोटी. ऐन लढाईत नायिकेच्या डोळ्यांतून निळा उजेड येतो आणि शत्रू भस्म होतात. आधी एकदाही तो उजेड दिसला नसेल, निदान बारकासा सुद्धा, तर पुस्तक मिटलंत तरी काही बिघडत नाही. मालिकेच्या तिसऱ्या-चौथ्या भागात हे फार होतं, कारण शत्रू दर भागात मोठा करत नेलेला असतो. सगळंच समजावून मिळायला हवं असंही नाही म्हणा. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांचं सीतास्वयंवर नाटक रंगलं, त्यात राक्षस आरडाओरडा करत येत. राक्षस का ओरडतो याचं कारण कोणी मागितलं नसेल. जादू कशी चालते हे लेखकाने सांगितलं नाही तर चालतं. एकदा सांगितल्यावर फिरवलं तर चालत नाही.

प्रेम

प्रेमाची बाजू वाचताना एकच गोष्ट बघा: गुपित काढून टाकलं तर हे दोघं पहिल्याच आठवड्यात एकत्र येतील का? येत असतील तर गुपितच त्यांना लांब ठेवतंय, आणि ते फुटेल तेव्हा प्रेमालाही धक्का बसणार. कुमुदला मल्हारचं खोटं कळेल, पण त्या क्षणी तिची कुठली आठवण जाईल? घाटावरची? असा पेच असला की शक्ती, गुपित आणि प्रेम एकाच गाठीत येतात. उलट गैरसमज नुसता 'त्याने तिला दुसऱ्या मुलीशी बोलताना पाहिलं' एवढाच असेल आणि तो शंभर पानं चालत असेल, तर ती पानं चाळा. फार काही हुकत नाही.

नायक मन वाचतो, वशीकरण करतो, नायिकेच्या आठवणी पुसतो आणि कादंबरी त्याला 'अमर प्रेम' म्हणते, तिथे थांबा. जादू बाजूला काढा आणि तोच प्रसंग सांगलीच्या विश्रामबागेतल्या एखाद्या मुलामुलीचा म्हणून वाचा. तिच्या जेवणात काहीतरी मिसळून तिचं मन वळवणाऱ्या मुलाला आपण काय म्हणू? तीनशे वर्षांचा नायक आणि सतरा वर्षांची शाळकरी नायिका, हाही तसलाच प्रकार. अशा गोष्टी वाचूच नयेत असं नाही, पण लेखकाला त्यातली गोम कळलीय की नाही हे बघा. बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या हातात देण्याआधी आपण स्वतः वाचा, आणि नुसतं मुखपृष्ठ बघून ठरवू नका. चमचमत्या मुखपृष्ठावरून आतला मजकूर कोणत्या वयासाठी आहे ते कळत नाही.

मोबाइलवरच्या मालिका

ॲपवरच्या कथा भागाभागाने येतात आणि प्रत्येक भाग दार उघडताच संपतो. रोज एक भाग वाचलात तर रोज दार उघडतं आणि गोष्ट जागच्या जागी. दहा-बारा भाग साठू द्या, मग एकदम वाचा. सुरू करण्याआधी शेवटचा भाग कधी आला ते बघा. सहा महिन्यांत काही आलं नसेल आणि 'समाप्त' असंही लिहिलेलं नसेल तर ती कथा बहुधा अर्धवटच राहणार. पुढचे भाग पैसे भरून उघडत असतील तर मोफत भागांतले शेवटचे तीन पुन्हा वाचा: त्यांत नवं काही कळलं, की नुसतं 'आणि तेवढ्यात...' झालं? वाचकांचे अभिप्राय कथा संपल्यावर उघडा, पहिल्या चार अभिप्रायांतच कोणीतरी गुपित फोडून ठेवलेलं असतं.

पुस्तकं मिळवायची कुठून

वाचनालयात फँटसीचं वेगळं कपाट बहुधा नसतं. सांगलीत किंवा साताऱ्यात नगर वाचनालयात गेलात तर चार ठिकाणी शोधा: कादंबरी, अनुवादित, बालसाहित्य आणि लोककथा. मालिका असेल तर सगळे भाग आहेत का ते आधी विचारा, दुसराच भाग गायब असणं नेहमीचं. भाग प्रकाशित झाले त्याच क्रमाने वाचा. आधीच्या काळाची गोष्ट सांगणारा भाग लेखकाने नंतर लिहिलेला असतो, आणि मूळ गुपित तुम्हाला माहीत आहे असं धरूनच लिहिलेला असतो. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावरचं भिलार २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे. तिथे घरांत, लॉजमध्ये पुस्तकं मांडलेली आहेत आणि ती तिथेच बसून वाचायची. एका दिवसाच्या फेरीत पाचशे पानांची कादंबरी उघडून उपयोग नाही. तिथे लोककथा वाचा.

वाचनालयाच्या पुस्तकावर पेन्सिल चालवू नका, जुन्या पोस्टकार्डाच्या बोटभर पट्ट्या कापून पानांत घाला. पाच-सहा पुरतात: पहिला नियम, पहिली किंमत, ज्या दोन-तीन वाक्यांपाशी काहीतरी खटकलं ती पानं. संपूर्ण कादंबरी दुसऱ्यांदा वाचायला सवड नसते. पण शेवट झाल्यावर तासभर काढा आणि गुपित ज्याला माहीत होतं त्याचेच संवाद तेवढे पुन्हा वाचा. आजी पहिल्या वेळी भाबडी वाटते. दुसऱ्या वाचनात ती कुमुदच्या हळदीच्या हातापासून दर वेळी वीतभर लांब बसलेली दिसते.