दिवाळीचा माल किती भरायचा हे एआयला विचारण्याआधीची तयारी

यंदा दिवाळीच्या मालाचा अंदाज कॉम्प्युटरकडून काढायचा असं बऱ्याच किराणावाल्यांनी ठरवलंय. जरूर काढा, पण आधी हे वाचा, कारण मागच्या खेपेला आमच्याकडे बेसन आणि भाजक्या पोह्यांचा अंदाज साफ चुकला आणि चूक मॉडेलची, म्हणजे अंदाज काढणाऱ्या प्रोग्रामची, नव्हती, त्याला दिलेल्या डेटाची होती.

टॅलीचा, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा, बॅकअप घ्या, दुसऱ्या ड्राइव्हवर. झालं.

मग निदान तीन दिवाळ्यांची विक्री काढा, रोजची, आयटमवार. महिन्याच्या बेरजा नकोत, त्यातून काही कळत नाही. आयटमची नावं एकसारखी करा, कारण एकाच मालाला एका वर्षी ‘बेसन ५००’, पुढच्या वर्षी ‘बेसन अर्धा किलो’ आणि मधेच कोणीतरी ‘चणा पीठ’ असं टाकलेलं असतं आणि कॉम्प्युटरला हे तीन वेगळे माल वाटतात. सुटा माल किलोत, पाकिटं नगात आणि रवा-मैदा कट्ट्यात असेल तर सगळं किलोवर आणा. कंटाळवाणं काम आहे, नोकरावर सोडू नका, कुठला माल कुठला हे काउंटरवर बसणाऱ्यालाच माहीत असतं.

एक्सेलमध्ये एका शीटला 10,48,576 ओळी मावतात, जुन्या फॉरमॅटच्या फाइलला फक्त 65,536. इंग्लंडमध्ये 2020 साली याच जुन्या फॉरमॅटपायी कोविडच्या जवळपास 16 हजार केसेस आकड्यांतून गळाल्या होत्या, तेव्हा टॅलीतून एक्सेलमध्ये एक्सपोर्ट झाल्यावर शेवटची तारीख कुठली आलीय ते डोळ्यांनी बघा.

आता मुख्य मुद्दा, आणि हा निम्म्यात वाचून पुढे जाऊ नका. माल संपलेले दिवस शोधा. बिलात फक्त जे विकलं तेच असतं, गिऱ्हाईक मागायला आलं आणि आपण ‘संपलंय, उद्या या’ म्हणालो हे कुठेच नोंदलेलं नसतं. समजा लक्ष्मीपूजनाच्या चार दिवस आधी बेसन संपलं. त्या चार दिवसांची विक्री शून्य दिसणार, आणि मॉडेल त्यातून शिकणार की दिवाळी तोंडावर आली की बेसनाला मागणीच नसते. मग ते पुढच्या वर्षी कमी माल सांगणार, तुम्ही कमी भरणार, तो अजून लवकर संपणार आणि त्याच्या पुढच्या वर्षी आकडा आणखी खाली. वर त्याच चार दिवसांत लोकांनी नाइलाजाने दुसऱ्या कंपनीचं पाकीट नेलेलं असतं, म्हणजे त्याची मागणी फुगलेली दिसते आणि ते उगाच जास्त मागवलं जातं. एका संपलेल्या मालामुळे दोन आकडे खोटे.

हे दिवस शोधायचे कसे? टॅलीतल्या क्लोजिंग स्टॉकवर, म्हणजे शिल्लक मालाच्या आकड्यावर, डोळे झाकून विश्वास ठेवू नका, खरेदीची एंट्री उशिरा पडली की तिथे स्टॉक मायनसमध्ये दिसतो. डिस्ट्रिब्युटरबरोबरचं व्हॉट्सॲप उघडा, ‘माल कधी येतोय’, ‘दोन कट्टे तरी पाठवा’ हे मेसेज तारखेसकट तिथे सापडतात. काउंटरवरच्या पोरांना विचारा, त्यांच्या लक्षात असतं. जे दिवस सापडतील त्यांच्यापुढे शून्य लिहू नका, जागा रिकामी ठेवा. शून्य म्हणजे माल होता आणि कोणी घेतला नाही, रिकामं म्हणजे माहीत नाही. आणि आजपासून काउंटरवर एक वही ठेवा, ‘नाही’ म्हणून परत पाठवलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला काय हवं होतं, किती, एवढंच लिहायचं.

तारखांचं बघा. लक्ष्मीपूजन 2023 ला 12 नोव्हेंबर, 2024 ला 1 नोव्हेंबर, 2025 ला 21 ऑक्टोबर आणि 2026 ला 8 नोव्हेंबर. इंग्रजी महिन्याप्रमाणे तुलना केलीत तर मॉडेल ऑक्टोबरच्या मध्यावर भाजणीचे ढीग लावायला सांगेल. म्हणून ‘लक्ष्मीपूजनाला किती दिवस बाकी’ असा वेगळा कॉलम करा, गणपतीचाही तसाच. सणाआधी लोकांचा पगार झालेला होता का तेही टाका, फरक पडतो. आणि अधिक महिना विसरू नका, 2023 मध्ये अधिक श्रावण होता, 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ, आणि जावयाच्या वाणाला तेहतीस अनारसे लागतात, त्यामुळे अनारशाचं पीठ आणि खसखस 2026 च्या मे-जूनमध्ये खपलेली दिसेल. ती दरवर्षी खपत नाही हे मॉडेलला तुम्हीच सांगायचंय, पंचांग त्याला आपोआप कळत नाही.

2025 च्या आकड्यांत जीएसटीचा घोळ आहे. दरकपात होणार हे 15 ऑगस्टलाच जाहीर झालं, लागू झाली 22 सप्टेंबरला. तूप, लोणी, बदाम-पिस्ते 12 वरून 5 टक्क्यांवर आले, साबण-टूथपेस्ट 18 वरून 5 वर. मधल्या काळात ज्यांनी खरेदी थांबवली त्यांची विक्री नंतर आलीय. तो खड्डा आणि नंतरची उसळी दोन्हीवर खूण करा, आणि सगळा हिशोब रुपयांत न करता किलोत करा.

बचत गटांच्या फराळाच्या ऑर्डरी, कंपन्यांची गिफ्ट पाकिटं वेगळी काढा, त्यांना फोन करून विचारता येतं, अंदाज कशाला लावायचा.

आता परत एकदा विचारतो, माल संपलेले दिवस रिकामे केलेत का? सगळ्या आयटमचे? फक्त बेसनाचे करून थांबू नका, पोहे, पिठीसाखर, सुकं खोबरं, चारोळी, सगळ्यांचे. हे झालं नसेल तर इथेच थांबा, पुढे जाण्यात काही अर्थ नाही.

झालं असेल तर 2025 ची दिवाळी लपवून ठेवा, आधीच्या वर्षांवरून तिचा अंदाज काढायला सांगा आणि खऱ्या विक्रीशी ताडून बघा. ताडतानाही माल संपलेले दिवस वगळायचे, नाहीतर चुकीचा अंदाज बरोबर ठरेल. शेजारी साधा हिशोबही मांडा, मागच्या दिवाळीला तेवढेच दिवस बाकी असताना जे खपलं तेच यंदा खपेल असा. एआय त्याच्यापेक्षा सरस निघालं नाही तर साधा हिशोबच वापरा, त्यात कमीपणा नाही.

चॅटवाल्या एआयला फाइल देणार असाल तर गिऱ्हाइकांची नावं आणि मोबाइल नंबर आधी काढून टाका, 2023 चा डेटा संरक्षण कायदा आहे, आणि कायदा नसता तरी लोकांनी नंबर आपल्या भरवशावर दिलेत. त्याने दिलेल्या बेरजा स्वतः तपासा, ते चुकीचा आकडाही ठामपणेच सांगतं.

बाकी थोडक्यात. माल यायला किती दिवस लागतात ते प्रत्येक डिस्ट्रिब्युटरचं लिहा. एक्सपायरी बघा, खोबरं खवट होतं. गोदामात जागा किती, उधारी किती झेपते. शेवटचा आकडा मालकानेच ठरवायचा, पण एआयचा आकडा खोडू नका, शेजारी लिहा आणि का बदलला तेही लिहा. शीटवर तारीख टाकून सेव्ह करा आणि ऑर्डर द्या.